अश्लील चित्रफिती आणि वर्गातील मौन



प्रमुख पाहुण्यांनी यशाचे चार मंत्र सांगावेत आणि बक्षिसे देऊन निरोप घ्यावा, असा स्नेहसंमेलनाचा प्रघात आहे. तथापि ज्या विषयावर घरात कोणी बोलत नाही, वर्गात ज्याचा धडा ‘घरी वाचून या’ म्हणून उलटला जातो आणि मोबाइलवर मात्र जो अष्टौप्रहर हजर असतो, त्याची चर्चा पालक, शिक्षक व विद्यार्थी एकत्र बसलेले असतानाच होणे इष्ट आहे. हा विषय म्हणजे पोर्नोग्राफी, अर्थात पाहणाऱ्याची कामभावना चाळवण्याच्या हेतूने तयार केलेली लैंगिक चित्रे, चित्रफिती वा मजकूर.

महाराष्ट्राला या बाबतीतला संकोच नवा नाही. गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ मधील निधनापर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. त्यातील लैंगिक विषयांवरील लेखनाबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, आणि १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहूनही त्यांना दंड झालाच. पुढे किशोरवयीनांच्या शिक्षणाचा केंद्रीय कार्यक्रम आला, तेव्हाही २००७ मध्ये ज्या राज्यांनी त्याला विरोध केला त्यांत महाराष्ट्र होता. कर्व्यांच्या काळी ज्ञानच अश्लील ठरले. आज ज्ञानाची जागा रिकामी राहिल्यामुळे अश्लील चित्रफीतच गुरू होऊन बसली आहे. म्हणूनच येथे आक्षेप शरीरावर किंवा त्याविषयीच्या कुतूहलावर नाही, कारण वयात येताना ते कुतूहल स्वाभाविकच असते. आक्षेप आहे तो त्या कुतूहलाला मिळणाऱ्या खोट्या उत्तरावर.

पहिला धोका या खोट्या उत्तराचाच आहे. ते खोटे कसे असते, हे चित्रफितीच्या घडणीवरून कळते. पडद्यावर काही मिनिटे चालणाऱ्या दृश्यामागे पैसे घेऊन काम करणारी माणसे, प्रकाशयोजना, कॅमेऱ्यामागून मिळणाऱ्या सूचना, मध्येच थांबून पुन्हा केलेले चित्रीकरण आणि शेवटी संकलकाची कात्री असते. थकवा, वेदना, अवघडलेपण, गर्भधारणा वा संसर्ग टाळण्याची तजवीज आणि परस्परांना विचारणे, हे सारे बहुधा त्या कात्रीखाली जाते. जे कापले गेले तेच प्रत्यक्ष सहजीवनात सर्वांत महत्त्वाचे असते. त्यातही संमती, म्हणजे धाक, दबाव वा फसवणूक नसताना दिलेला आणि कोणत्याही क्षणी मागे घेता येणारा होकार, जवळजवळ दिसतच नाही. उलट नकाराला लटका नकार मानण्याची आणि स्त्रीला वस्तू समजण्याची शिकवण पुष्कळदा मिळते. मुलांना आपले शरीर उणे वाटते, मुलींना नको ते सोसणे हेच कर्तव्य वाटते, आणि दोघांच्याही मनात नात्याची कल्पना सुरुवातीलाच बिघडते.

दुसरा धोका सवयीचा आहे. मेंदूतील आवेगाला लगाम घालणारा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत राहतो, आणि संकेतस्थळांची रचना तर एक चित्रफीत संपण्याआधीच दुसरी पुढे करणारी असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून लागू केलेल्या आजारांच्या वर्गीकरणात अनावर लैंगिक वर्तनाचा विकार नोंदवला असून त्याची गणना व्यसनांत नव्हे, तर आवेगनियंत्रणाच्या विकारांत केली आहे. केवळ नैतिक अपराधभावनेवरून हे निदान करू नये, असेही तेथे स्पष्ट केले आहे. त्यामुळे एखादी चित्रफीत पाहिलेल्या मुलाने स्वतःला रोगी वा पापी समजण्याचे कारण नाही. मात्र झोप, अभ्यास, खेळ आणि मित्र मागे पडूनही पाहणे थांबवता येत नसेल, तर समुपदेशकाची मदत घेण्यात कमीपणा मानू नये.

तिसरा धोका कायद्याचा आहे आणि तो या सभागृहातील विद्यार्थ्यांच्या वयाला थेट लागू पडतो. १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती पॉक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या कायद्यानुसार बालक असते. बालकांचे लैंगिक चित्रण प्रसारित करणे, शोधणे वा उतरवून घेणे यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली पहिल्याच दोषसिद्धीस पाच वर्षांपर्यंत कारावास आणि दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये अशा सामग्रीला ‘पोर्नोग्राफी’ न म्हणता बालकांच्या लैंगिक शोषणाची सामग्री म्हणावे असे सांगितले, कारण त्यातील प्रत्येक चित्र ही घडलेल्या अत्याचाराची नोंद असते. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेले एखाद्या मुलीचे छायाचित्र, मग ते खरे असो वा कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले, ‘गंमत म्हणून’ पुढे ढकलणारा मुलगाही या शोषणाच्या साखळीचा एक दुवा होतो.

याउलट, ज्याचे छायाचित्र फिरते आहे किंवा ज्याला ‘पैसे दे, नाहीतर सगळ्यांना पाठवतो’ अशी धमकी आली आहे, तो दोषी नसून पीडित असतो. त्याने पैसे देऊ नयेत, संदेश पुसू नयेत, विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगावे आणि सायबर गुन्ह्यांसाठी १९३० किंवा बालकांसाठी १०९८ या क्रमांकावर संपर्क साधावा. अशा वेळी पालकांनी आधी मोबाइल हिसकावला, तर पुढच्या संकटात मूल त्यांच्याकडे येणार नाही.

या संस्थेकडून अपेक्षा एवढीच, की येत्या जूनपासून प्रजननाचा धडा वगळला जाऊ नये, प्रत्येक तुकडीत डॉक्टर व समुपदेशकाचे तास व्हावेत, प्रश्नांसाठी नाव न लिहिता चिठ्ठी टाकण्याची पेटी असावी आणि तिच्यातील एकही प्रश्न हसण्यावारी नेला जाऊ नये. आज बक्षिसे स्वीकारणाऱ्या विद्यार्थ्यांचे अभिनंदन. प्रश्न विचारण्याचे धैर्य दाखवणाऱ्यांचेही पुढील वर्षी याच व्यासपीठावर कौतुक व्हावे.