लाकूडकामाचा रविवार
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



चिटणिसांनी मला ‘आपला पिढीजात व्यवसाय आणि नवी पिढी’ असा विषय नेमून दिला होता. विषय थोर आहे, परंतु त्यावर याच व्यासपीठावरून इतक्या वेळा बोलून झाले आहे की नव्या पिढीने तो ऐकताच बाहेर चहाची चौकशी करावी, यात तिचा दोष नाही. म्हणून मी त्यातला एक लहानसा तुकडा घेतो. गेली दोन वर्षे दर रविवारी सकाळी मी एका लाकूडकाम-मंडळात जातो. तेथे मी काय शिकलो आणि कोणाकडून शिकलो, एवढेच सांगावयाचे आहे. शेवटी आपणांपुढे एक मागणीही ठेवणार आहे.

प्रथम एक कबुली. मी जन्माने सुतार आणि आयुष्यभर कारकून. माझ्या हातून हजारो कागद तासले गेले, लाकूड एकही नाही. वडिलांनी मला हेतुपुरस्सर वाकसापासून दूर ठेवले. ‘तू शीक’ एवढेच ते म्हणत, आणि त्या एका शब्दात त्यांच्या खांद्याचे दुखणे, गावकीच्या पायलीची वाट पाहणे, सारे काही आले. त्यांची पेटी मात्र मी टाकली नाही. निवृत्त झाल्यावर ती माळ्यावरून काढली. रंधे, पटाश्या, सामता, गुण्या, दोन करवती, सगळ्यांवर तांबूस गंज चढलेला होता. त्याच सुमारास शेजारच्या एका गृहस्थांनी सांगितले की, आपल्याच उपनगरात काही हौशी मंडळी एका बंद पडलेल्या कारखान्याच्या पडवीत जमतात आणि एकमेकांना लाकूडकाम शिकवितात. मी पेटी घेऊन गेलो.

तेथे कोण होते म्हणाल, तर एक निवृत्त बँक अधिकारी, एक शाळामास्तर, महाविद्यालयातील दोन मुलगे, दातांच्या डॉक्टर असलेल्या एक बाई, आणि आपल्याच ज्ञातीतले एक वृद्ध कारागीर. मी आडनाव सांगताच सर्वांच्या चेहऱ्यावर आदर उमटला. कोणीतरी लगेच एक फळी पुढे केली. मी रंधा चालविला आणि फळीचा पृष्ठभाग ओरबाडून निघाला. मला घाम फुटला. तेव्हा त्या डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या, “काका, फळी फिरवून घ्या. रेषा उलटी आहे.” फळी फिरवली, तर तोच रंधा सरसर चालू लागला. मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरवावा तसे मी करीत होतो. सुताराच्या मुलाला हे दातांच्या डॉक्टरने सांगावे! त्या दिवशी मी लाजलो. आज मला त्यात लाजण्यासारखे काही वाटत नाही.

पुढचे चार रविवार मी फक्त धार लावली. हे ऐकून आपण हसाल, पण या विद्येची मुळाक्षरे तीच आहेत. पटाशीचे पाते सुमारे 25 अंशांच्या उताराने घासावे आणि टोकाशी 30 अंशांची बारीक धार करावी, हे आकडे पुस्तकात सापडतात. परंतु पात्याची मागची बाजू आरशासारखी सपाट झाल्याशिवाय पुढच्या बाजूची सगळी मेहनत फुकट जाते, हे मला त्या वृद्ध कारागिरांनी पाते हातातून काढून घेऊन दाखविले. हल्ली चलच्चित्रे पाहून सर्व काही शिकता येते असे मुले म्हणतात. पुष्कळ शिकता येते, मीही पाहतो. पण पडद्यावरचा शिक्षक तुमच्या रंध्याचा आवाज ऐकत नाही. आमचे हे गुरुजी पाठमोरे बसलेले असत आणि तेथूनच म्हणत, “पाते जास्त बाहेर आलंय, मागं घ्या.”

एक रविवार माझ्या विशेष स्मरणात आहे. आमच्या गावच्या घराच्या दरवाजाला चौकटीत बसविलेल्या फळ्या होत्या, आणि त्या हलविल्या तर किंचित खुळखुळत. लहानपणी मला तो वडिलांच्या कामातला उणेपणा वाटे. मंडळात समजले की, लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, आणि वर्तुळांच्या कडेने ते जितके हलते ते गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेच्या सुमारे दुप्पट असते. म्हणून जाणता सुतार अशी फळी सरसाने चिकटवीत नाही, खोबणीत मोकळी ठेवतो. चिकटविली असती तर पहिल्या दोन पावसाळ्यांत एकतर फळी तडकली असती, नाहीतर चौकटीचे सांधे उकलले असते. वडिलांनी हे मला कधी सांगितले नाही, आणि मीही कधी विचारले नाही. साठ वर्षे मी त्यांच्या शहाणपणाला चूक समजत आलो, आणि ते जाऊन तीन तपे लोटल्यावर एका शाळामास्तराने मला ते उलगडून दाखविले.

आता त्या वृद्ध कारागिरांविषयी. आरंभी ते मंडळात यावयास राजी नव्हते. “आपला धंदा लोकांना फुकट शिकवायचा, मग आपल्याला विचारणार कोण?” असा त्यांचा सवाल होता. हा सवाल हसण्यावारी नेण्याजोगा नाही. बलुतेदारीत सुताराचे घर हीच त्याची शाळा होती. औत, तिफण, गाडी, सर्व त्याच घराने करावयाचे आणि खळ्यावर धान्य घ्यावयाचे. विद्या बाहेर गेली तर वाटा बाहेर गेला. गुपित राखण्यात कद्रूपणा नव्हता, पोट होते. परंतु ते खळे राहिले नाही. लाकडी चाकाच्या जागी रबरी चाक आले आणि बैलाच्या जागी ट्रॅक्टर. 1959 साली फेव्हिकॉल बाजारात आले, मग प्लायवूड घरोघर आले, आणि कुसू व साल यांचा सांधा करणाऱ्याला ‘इतका वेळ कशाला?’ असे गिऱ्हाईकच विचारू लागले. गुपित आता कोणापासून राखावयाचे? चोरावयास येणारा चोरही उरला नाही.

मंडळात काय घडले ते पाहा. त्या डॉक्टरबाईंनी एका साध्या स्टुलावर पाच रविवार घालविले. चारही सांधे कसेबसे बसले. नंतर त्यांनी दवाखान्याचे सामान करावयास घेतले ते याच गुरुजींकडून, आणि सांगितलेल्या दरात एक रुपयाही कमी करावयास लावला नाही. कारण त्या दरात किती तास आहेत, हे त्यांच्या बोटांना ठाऊक झाले होते. सर्वच गिऱ्हाइके अशी निघतील असा माझा दावा नाही. दोघा हौशी सभासदांनी आपली कपाटे आपणच केली, म्हणजे तेवढे काम गेले. पण जमाखर्च मांडला तर गुरुजींचे नुकसान झालेले नाही, असे ते स्वतः सांगतात.

त्यांनी मात्र एक गोष्ट मला बजावली, ती मी येथे तशीच मांडतो. हौशी माणसाचा रविवार सुटीचा असतो, कारागिराचा तो कमाईचा असतो. त्याला व्यासपीठावर शाल-श्रीफळ देऊन फुकट शिकवावयास लावणे हा आपल्या सभांचा जुना दोष आहे. शिकविणाऱ्यास त्याच्या रोजाइतके मानधन मिळालेच पाहिजे.

हातांनी शिकावे, आणि ते कोणीही शिकावे, हा विचार नवा नाही. स्वीडनमध्ये नेस येथे ऑटो सॉलोमन यांनी एकोणिसाव्या शतकात शिक्षकांसाठी लाकूडकामाचे विद्यालय चालविले, आणि त्यांची पद्धत देशोदेशी गेली. सयाजीरावांच्या बडोद्यात 1890 साली कलाभवन निघाले. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगास शिक्षणाचा केंद्रबिंदू मानले. 2023 साली केंद्र सरकारने सुरू केलेल्या विश्वकर्मा योजनेत सुतारकामाचा समावेश असून, प्रशिक्षण, अवजारे व कर्ज यांची तरतूद आहे. आपल्या होतकरू बंधूंनी तिचा लाभ अवश्य घ्यावा. पण कोणतीही योजना माझ्यासारख्या पासष्टीतल्या कारकुनासाठी नाही, किंवा नोकरी करणाऱ्या मुलीसाठी नाही. त्यांच्यासाठी शेजारची पडवीच हवी.

म्हणून माझी मागणी अशी. या सभागृहाच्या मागे जी पत्र्याची खोली आहे, जिच्यात वर्षातून दोनदा लागणाऱ्या खुर्च्या ठेवल्या आहेत, ती रविवारी सकाळी मोकळी करावी. चार भक्कम बाके, धारेचे दगड, शिकंजे आणि थोडे जुने लाकूड एवढ्यावर आरंभ होईल. पाडलेल्या घरांचे जुने सागवान मिळते, त्यातले खिळे मात्र आधी काढले पाहिजेत. पहिले वर्ष विजेची यंत्रे आणू नयेत. यंत्रकरवतीला शिकाऊ माणसाचे बोट आणि फळी यांतला भेद कळत नाही.

आणि दार सर्वांना खुले असावे. येथे मतभेद होईल हे मी जाणतो. परवाच एका ज्येष्ठांनी मला विचारले, “मंडळ ज्ञातीचे, मग परक्यांना का?” मी त्यांना एवढेच सांगितले की, मला फळीची रेषा सांगणाऱ्या बाई आपल्या ज्ञातीच्या नव्हत्या. मुलींचे तर बोलावयासच नको. ज्या घरात मुलगे परगावी गेले आणि पेटी मागे राहिली, तेथे ती उघडणारी बहुधा मुलगीच असणार. माझी नात आठव्या वर्षी गुण्या लावून कोन तपासते आणि माझ्या चुका मोठ्याने सांगते.

ज्या कुटुंबांतून वृद्ध कारागीर आहेत, त्यांनी त्यांना बोलते करावे. गाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढविताना ती घेरापेक्षा किंचित लहान ठेवतात, गोवऱ्यांच्या आगीत तापवून फुगवितात, चाकावर बसवितात आणि पाणी ओततात, म्हणजे ती आकसून आरे तुंब्यात घट्ट बसतात. हे मी बालपणी पाहिले आहे. पण ‘किंचित’ म्हणजे किती, ते मला सांगता येत नाही. ते सांगणारे कोणी या सभागृहात असतील तर त्यांनी कृपा करून सभा संपल्यावर मला भेटावे. मी वही घेऊन आलो आहे.

कार्यकारी मंडळाने संमती दिली, तर पुढील महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी 9 वाजता मी त्या खोलीत असेन. ज्यांच्या माळ्यावर रंधा असेल त्यांनी तो आणावा. गंज चढलेला असला तरी चालेल, पहिले चार रविवार आपल्याला तेच काम आहे.