नोकरीचे मेडिकल आणि आपले मेडिकल
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



शिक्षक बोलायला उभा राहिला की पालकांना वाटते, आता गुणांचा आणि हजेरीचा विषय निघणार. आज मी त्याविषयी बोलणार नाही. ज्यांच्या कमाईवर आपली ही मुले शिकतात, त्या कमावत्या माणसांच्या प्रकृतीविषयी मला चार शब्द सांगायचे आहेत.

कोकणातला माणूस पोटासाठी घर सोडून जातो, हे काही नवीन नाही. पूर्वी तो जहाजावर खलाशी म्हणून गेला, मुंबईच्या गोदीत आणि गिरण्यांत गेला. 1973 नंतर तेलाचे भाव वाढले, आखाती देशांत रस्ते, बंदरे, इमारती उभ्या राहू लागल्या आणि आपली माणसे तिकडे गेली. गावात कौलांच्या जागी स्लॅब पडले, मुलांना पुढचे शिक्षण मिळाले, बहिणींची लग्ने झाली. हे सारे कष्टाच्या पैशावर झाले, याचा आपणांस अभिमान आहे. पण हा पैसा ज्या शरीराने मिळवला, त्या शरीराची विचारपूस आपण कितीशी करतो?

एक गोष्ट पाहा. आखातात नोकरी लागली की प्रथम मेडिकल करावे लागते. छातीचा एक्स-रे, रक्त-लघवीची तपासणी, रक्तदाब, डोळे, सर्व काही पाहतात. ‘फिट’ असा शेरा मिळेपर्यंत घरात कोणाच्या घशाखाली घास उतरत नाही. एकदा तो शेरा मिळाला, विमानाचे तिकीट हाती आले, की त्या शरीराचा विषय संपला! तो शेरा त्या दिवसापुरता असतो, आणि तो मालकाच्या कामासाठी असतो. स्वतःसाठी आणि मुलाबाळांसाठी मेडिकल करून घ्यावे, असे आपल्यापैकी किती जणांच्या मनात येते?

रक्तदाब आणि मधुमेह हे दोन आजार फार लबाड आहेत. ते वर्षानुवर्षे अंगात असतात आणि माणसाला काही दुखत-खुपत नाही. म्हणून ‘मला काही होत नाही’ या बोलण्यावर विसंबून चालणार नाही. रक्तदाब 120/80 च्या आत असावा. तो वेगवेगळ्या दिवशी मोजूनही 140/90 किंवा त्याहून वर येत असेल, तर उपचार हवेत. उपाशीपोटी साखर 100 च्या आत असावी. ती 100 ते 125 असेल तर तो इशारा समजावा, आणि 126 किंवा अधिक आली तर पुन्हा तपासून खात्री करून घ्यावी. औषध सुरू झाल्यावर ‘बरे वाटते’ म्हणून गोळ्या मनाने बंद करणे, हे तर संकटाला आमंत्रण देण्यासारखे आहे. हृदय, मूत्रपिंड आणि डोळे यांना त्याची किंमत मोजावी लागते.

दोन वर्षांनी माणूस रजेवर येतो. ती रजा लग्ने, दावती, घराचे बांधकाम आणि पाहुण्यांच्या सरबराईत निघून जाते. डॉक्टरांकडे जायचे राहूनच जाते. माझी विनंती आहे की, रजेचा पहिला आठवडा संपण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी, म्हणजे काही निघाले तर उपचाराला वेळ मिळतो. गावात राहणाऱ्यांनीही खर्चाचे कारण सांगू नये. सरकारी आरोग्य केंद्रांत तीस वर्षांवरील स्त्री-पुरुषांचा रक्तदाब व साखर मोफत तपासण्याची सोय केलेली आहे. परत जाताना औषधे न्यायची असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर असावी. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या काही वेदनाशामक गोळ्यांवर तिकडे कडक निर्बंध आहेत.

आता उन्हाविषयी. उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर काम घेण्यास तिकडच्या कायद्यानेच बंदी आहे. संयुक्त अरब अमिरातीत 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात दुपारी 12:30 ते 3, सौदी अरेबियात त्याच तारखांना 12 ते 3, तर कतारमध्ये 1 जूनपासून 15 सप्टेंबरपर्यंत सकाळी 10 ते दुपारी 3:30 काम बंद ठेवावे लागते. ही विश्रांती गप्पांत आणि मोबाइलवर न घालवता सावलीत आडवे व्हावे. पाणी तहान लागेपर्यंत न थांबता थोडे थोडे घेत राहावे. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडते आहे, असे समजावे. डोके गरगरले, मळमळले, पायांत गोळे आले की काम थांबवून सावलीत बसावे. त्यात कमीपणा कसला?

विश्रांती म्हणजे आळस, असे आपल्याकडे अजून मानतात. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती 1890 साली, 10 जून रोजी. त्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांना कित्येक वर्षे झगडावे लागले. ज्या विश्रांतीसाठी मागच्या पिढ्या भांडल्या, ती आपण दोन पैशांच्या ओव्हरटाइमसाठी दर आठवड्याला विकून टाकावी का? अडचणीच्या वेळी ओव्हरटाइम करावा, पण तो कायमची सवय होऊ देऊ नये.

खाण्याचेही तसेच आहे. रूमवर आठ-दहा माणसे पाळीपाळीने स्वयंपाक करतात. थकलेला माणूस तेल ओततो, मीठ टाकतो आणि खबूसबरोबर जेवून झोपतो. एका माणसाला दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा एक चमचा मीठ पुरे. लोणचे, पापड आणि सुकी मासळी यांतले मीठही त्यातच धरावे. घरून डबा भरताना भगिनींनी हे ध्यानात ठेवावे. बसून काम करणाऱ्याने, मग तो दुबईचा कारकून असो की चिपळूणचा दुकानदार, रोज अर्धा तास भरभर चालावे. आठवड्याचे पाच दिवस चालले तरी दीडशे मिनिटे होतात, आणि तेवढी पुरेशी आहेत.

झोपेचा प्रश्न तर थेट आमच्या वर्गात येऊन बसला आहे. पहिल्या तासाला मुलगा डुलक्या घेतो. विचारले तर म्हणतो, ‘सर, रात्री अब्बांचा फोन होता.’ सौदीत रात्रीचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेबारा झालेले असतात. पहाटे कामाची बस पकडणाऱ्या बापाची झोप जाते आणि मुलाचीही. फोन अवश्य करावा. मुलांना बापाचा आवाज हवाच असतो. पण त्याची वेळ ठरवून घ्यावी. शक्य तेथे सकाळी कामावर जाताना किंवा सुट्टीच्या दिवशी सावकाश बोलावे. मोठ्या माणसाला किमान सात तास झोप हवी, वाढत्या मुलाला त्याहून अधिक.

भगिनींनो, तुम्ही पगारपत्रकावर नाही म्हणून तुमचे कष्ट कमी नाहीत. बँक, बाजार, मुलांची शाळा, म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांचे औषधपाणी तुम्हीच पाहता आणि सर्वांच्या मागून उरलेले खाता. थकवा, चक्कर, धाप लागणे याला ‘बायकांचे चालायचेच’ म्हणू नका. रक्त तपासून घ्या. आणि मिश्री सोडा. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिनेही तोंडाचा कर्करोग होतो. पुरुषांची विडी आणि गुटखा यांविषयी वेगळे काय सांगावे? गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 साली बंदी आली, पण तो खिशातून गेला नाही. तो खिशातून काढणे आपल्याच हाती आहे.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटी तुम्हांला एक गृहपाठ देतो. एक साधी वही घ्या. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या नावाने एक पान काढा आणि त्यावर तारीख, वजन, रक्तदाब व साखर लिहा. अब्बा परदेशी असतील तर फोनवर विचारून लिहा. वर्ष झाले की पुन्हा तपासणीची आठवण द्या. तुमच्या प्रगतिपुस्तकावर ते सही करतात. त्यांच्या या प्रगतिपुस्तकाची काळजी तुम्ही घ्या. मुलाने विचारलेले बापाला टाळता येत नाही, हा माझा शिक्षक म्हणून अनुभव आहे.

तंदुरुस्ती हजार नियामत, असे आपले वडीलधारे म्हणत आले. ती नियामत सांभाळली, तर तुमच्या पदवीदान समारंभाला तुमचे आईवडील धडधाकट पायांनी चालत येतील. त्यासाठीच तर ते आज राबत आहेत. 

जय हिंद! जय महाराष्ट्र!