तळ्याकाठची नगरे : तिकडची आणि आपली

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



युरोपातील सरोवरकाठच्या नगरांचा आम्ही उभयतांनी जो प्रवास केला, त्याविषयी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा कार्यकारिणीने मला केली आहे. परदेशप्रवासाचे आता पूर्वीइतके अप्रूप राहिलेले नाही. आपल्या बीरगावातूनही अनेक कुटुंबे प्रवासी कंपन्यांबरोबर तिकडे जाऊन आली आहेत. तेव्हा किती वाजता कोठे पोहोचलो आणि काय खाल्ले, याची यादी मी आपल्यापुढे ठेवणार नाही. जिनिव्हा, लोझान, ल्यूसर्न आणि झुरिच ही चार नगरे पाहताना एक प्रश्न आम्हा दोघांच्याही मनात उभा राहिला. तो आपल्यापुढे मांडावा, एवढाच माझा हेतू आहे.

प्रथम जिनिव्हा. येथील सरोवराचे क्षेत्रफळ सुमारे ५८० चौरस किलोमीटर असून त्याची खोली काही ठिकाणी ३०० मीटरांहून अधिक आहे. पूर्वेकडून ऱ्होन नदी त्यात प्रवेश करते आणि जिनिव्हा शहरापाशी बाहेर पडून फ्रान्सकडे जाते. सरोवरातून १४० मीटर उंच उडणारे कारंजे ही या शहराची खूणच होय. गंमत अशी की, हे कारंजे शोभेसाठी जन्मलेले नाही. १८८६ साली तेथील जलशक्तीच्या कारखान्यात पाण्याचा दाब फाजील वाढला की तो मोकळा करण्यासाठी एक झडप बसविली होती. तिच्यातून उसळणारे पाणी लोकांना आवडले, म्हणून १८९१ मध्ये ते सरोवरात आणून कायमचे प्रतिष्ठित केले. गरजेच्या वस्तूलाही सौंदर्य देण्याची ही वृत्ती मला तेथे पदोपदी आढळली.

या सरोवराचा आणि आपल्या देशाचा संबंध फार जवळचा आहे. लंडनमध्ये इंडिया हाऊस स्थापन करणारे आणि तरुण सावरकरांना शिष्यवृत्ती देणारे पंडित श्यामजी कृष्णवर्मा यांनी १९३० साली जिनिव्हा येथे देह ठेवला. त्यांच्या आणि त्यांच्या पत्नी भानुमतीबाईंच्या अस्थी तेथील स्मशानभूमीत सांभाळून ठेवल्या होत्या. त्या २००३ साली मायदेशी आल्या. १९३१ च्या डिसेंबरात गोलमेज परिषदेहून परतताना महात्माजी याच सरोवराच्या पूर्व टोकाला, व्हिलन्यव्ह गावी, रोमाँ रोलाँ यांच्याकडे राहिले होते. लोझानला १९३६ साली कमला नेहरूंचे निधन झाले. आमची बोट लोझानच्या धक्क्याला लागली तेव्हा या सर्वांची आठवण होऊन सौ. बराच वेळ काही बोलली नाही.

ल्यूसर्नला गेलेल्या प्रत्येकाने तेथील लाकडी पूल पाहिलेला असतो. चौदाव्या शतकातील हा छप्पर असलेला पूल १८ ऑगस्ट १९९३ च्या रात्री आगीत जळाला. छपराखालची सतराव्या शतकातील त्रिकोणी चित्रेही बरीचशी नष्ट झाली. शहराने शोक केला. पण शोक करीत बसले नाही. अवघ्या आठ महिन्यांत, एप्रिल १९९४ मध्ये, पूल पुन्हा खुला झाला. ज्या जागी चित्रे गेली त्यांपैकी काही ठिकाणी जळकी चौकट अजूनही दिसते. गेलेले लपवायचे नाही आणि उरलेले टाकून द्यायचे नाही, हा त्यातला विवेक मला फार मोलाचा वाटला.

झुरिचला उन्हाळ्याचे दिवस होते. कचेऱ्या सुटताच माणसे घाटावर येत आणि सरळ सरोवरात उतरून पोहत. शहरात १२०० हून अधिक कारंजी आहेत आणि त्यांचे पाणी पिता येते. आमची बाटली सौ.ने एका चौकातल्या कारंज्यावरच भरली. पाणी प्यायल्यावर ती म्हणाली, "अहो, एवढ्या मोठ्या शहराच्या मधोमध तळे आहे आणि त्याला वास कसा नाही?"

बंधुभगिनींनो, आमच्या मनात उभा राहिलेला प्रश्न तो हाच. त्याचे सोपे उत्तर आपण सर्वजण देतो : 'तो देशच स्वच्छ, तेथील हवा थंड, माणसे थोडी आणि पैसा फार.' हे उत्तर पुरेसे नाही, असे तेथील इतिहास सांगतो. १८६७ साली याच झुरिचमध्ये पटकीची साथ आली होती. त्यानंतर सांडपाण्याची नवी व्यवस्था उभारण्यात आली. ती उभारणाऱ्या अभियंत्याचे, आर्नोल्ड ब्युर्क्ली यांचे, नाव आज सरोवराकाठच्या चौकाला आहे. पुढे १८८४ मध्ये दूषित पाण्यामुळे विषमज्वराची साथ आली आणि पाणी गाळण्याची पद्धत बदलावी लागली. आपल्या पिढीच्या बालपणी, म्हणजे १९६० च्या दशकात, स्वित्झर्लंडमधील कित्येक तळ्यांत आणि नद्यांत पोहण्यास मनाई होती. पाण्यावर शेवाळाचे थर येत आणि मासे मरत.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. घराघरांतले सांडपाणी आणि कपडे धुण्याच्या पावडरीतील फॉस्फेट तळ्यात जाई. फॉस्फेट हे शेवाळाचे खत. शेवाळ माजते, मरून तळाशी जाते, कुजते आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. वरून हिरवे दिसणारे तळे खालून गुदमरत असते. १९५३ साली स्विस मतदारांनी मोठ्या बहुमताने जलरक्षणाचे कलम राज्यघटनेत घातले. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी जिनिव्हा सरोवरासाठी फ्रान्स आणि स्वित्झर्लंड यांनी संयुक्त आयोग नेमला, कारण काठ दोघांचा आहे. १९७१ साली कायदा अधिक कडक झाला. शुद्धीकरण केंद्रे बांधली गेली. १९८६ साली कपड्यांच्या पावडरीतील फॉस्फेटवर बंदी आली. म्हणजे घटनेतील कलमापासून पावडरीच्या पुड्यापर्यंत पोहोचायला त्यांना तेहतीस वर्षे लागली. सरकारी नोकरीत हयात घालविल्यामुळे मला या तेहतीस वर्षांचे नवल वाटत नाही. नियम कागदावर उतरायला एक दिवस पुरतो. तो माणसांच्या हातात उतरायला एक पिढी जाते. ती पिढी त्यांनी खर्ची घातली, म्हणून आज झुरिचच्या पिण्याच्या पाण्याचा बहुतांश वाटा त्याच सरोवरातून येतो.

आता आपल्या घराकडे वळू. युरोपातील ही सरोवरे हिमनद्यांनी कोरली. ती निसर्गाची देणगी आहे. आपल्या छत्तीसगडातील तळी मात्र माणसांनी खोदली आहेत. टोपलीने माती वाहून, पाळ बांधून, पावसाचे पाणी अडवून आपल्या पूर्वीच्या पिढ्यांनी ती निर्माण केली. कलचुरींची राजधानी रतनपूर ही तळ्यांची नगरी. १७४१ साली भास्करपंत कोल्हटकरांच्या स्वारीने ती भोसल्यांच्या अमलाखाली आली. पुढे १७५८ ते १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले तेथून कारभार पाहत होते. रतनपूरच्या टेकडीवरचे राममंदिर त्यांच्याच काळातले. त्या टेकडीला रामटेकरी म्हणतात, आणि नागपूरकडच्या माणसाला ते नाव ऐकताच रामटेकची आठवण होते. छत्तीसगडात दसऱ्याला सोने देण्याची रीतही बिंबाजींच्या काळी रुजली, असे सांगतात. तेव्हा आपण येथे नोकरीनिमित्त आलेले पाहुणे आहोत, ही समजूत पुरी खरी नाही. या पाण्याशी मराठी माणसाचा संबंध पावणेतीनशे वर्षांहून जुना आहे.

रायपूरही तळ्यांचेच शहर. बुढा तालाबाच्या मध्यभागी स्वामी विवेकानंदांचा पुतळा आहे, कारण बालपणीची सुमारे दोन वर्षे, १८७७ पासून, त्यांनी याच शहरात काढली. तेलीबांध्याच्या काठी संध्याकाळी सारे शहर फिरायला लोटते. कंकाली तालाबाच्या पोटात शिवाचे मंदिर आहे. पण रजबंधा? तेथे आज मैदान आहे, इमारती आहेत. तळे केवळ नावात उरले आहे. बीरगावचे तर रूपच पालटले. उरला आणि सिलतरा येथील कारखान्यांनी आपल्याला भाकर दिली, हे विसरून चालणार नाही. परंतु भाकर देणाऱ्या गावाने आपली तळी गमवावीत, असा काही नियम नाही.

येथे मला थोडे अवघड बोलावयाचे आहे. गेली पन्नास वर्षे आपले मंडळ गणेशोत्सव साजरा करीत आले. लेझीम, ढोलताशे आणि 'पुढच्या वर्षी लवकर या' यांनी हा परका मुलूख आपल्या मुलांना आपला वाटू लागला. ही परंपरा मोडावी, असे मी कदापि म्हणणार नाही. परंतु मातीची मूर्ती पाण्यात विरते आणि मातीत मिळते. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती विरत नाही. तिच्यावरचे रासायनिक रंग पाण्यात उतरतात आणि निर्माल्य कुजून तोच प्राणवायू खाते, ज्याची हकीकत मी आता सांगितली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली आहे, आणि रायपुरात महादेवघाटाजवळ खारून नदीच्या काठी विसर्जनासाठी स्वतंत्र कुंड आहे. म्हणजे नियम आहे आणि सोयही आहे. उरला आहे तो आपला निश्चय.

काही ज्येष्ठ मंडळी म्हणतील की, वाहत्या किंवा साठलेल्या पाण्यात विसर्जन केल्याशिवाय मन भरत नाही. त्यांच्या भावनेचा मला आदर आहे. परंतु पार्थिव पूजेचा मूळ अर्थच हा की, मातीचा देव मातीला परत द्यावा. तो जेथे खरोखर विरतो, तेच त्याचे विसर्जन. मिरवणूक नेहमीच्याच रस्त्याने जावी, आरती तळ्याच्या काठावरच व्हावी. मूर्ती मात्र शाडूची असावी, ती हौदात विरघळावी, तिची माती मंडळाच्या बागेत जावी आणि निर्माल्याचे खत व्हावे. याखेरीज वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीनंतर, आपल्या जवळच्या एका तळ्याच्या काठाची सफाई मंडळाने अंगावर घ्यावी. शेजारच्या छत्तीसगडी बांधवांना त्यात आवर्जून बोलवावे, कारण तळे त्यांच्या पूर्वजांनी खोदले आहे.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने स्मरणिका निघेल, सत्कार होतील, आणि ते योग्यच आहे. त्याबरोबर कार्यकारिणीने हे दोन ठराव विचारार्थ घ्यावेत, अशी माझी नम्र सूचना आहे. 

जय महाराष्ट्र! जय छत्तीसगड!