बाळाचे नाव : जुने, परंतु आपले
(डहाणू तालुक्यातील एका नामकरण समारंभात केलेले भाषण)



त्रिशरण व पंचशील ग्रहण करून आपण आज ज्या कार्यासाठी जमलो आहोत, ते वरवर पाहता घरगुती आहे. एका बालकाचे नाव ठेवावयाचे आहे. परंतु या नावावरून घरात कित्येक दिवस वाद चालला आहे, हे आपणांस ठाऊक आहेच. आईबापांनी ‘पूर्ण’ हे नाव निवडले. आजीबाई म्हणतात, असले नाव पंचक्रोशीत कोणाचे नाही. शाळेतील मुले त्याला ‘अर्धा’ म्हणून चिडवतील. आजीबाईंची शंका खोटी नाही. म्हणून तिचे उत्तर हसण्यावारी न नेता विचाराने दिले पाहिजे.

प्रथम आपल्या मागल्या पिढ्यांची नावे आठवा. दगडू, धोंडू, कचरू, भिकू! ही नावे ठेवणाऱ्या आईबापांस मी दोष देत नाही. ज्यांची मुले एकामागून एक दगावत, त्यांनी मृत्यूची दृष्ट चुकविण्यासाठी मुलाला दगड म्हटले, कचरा म्हटले. त्यामागे माया होती. अशी नावे इतर जातींतही होती. परंतु मायेने ठेवलेले नाव आणि हुकुमाने लादलेले नाव यांत अंतर आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे निंदावाचक असावे, असा दंडक घातला आहे. म्हणजे मूल बोलू लागण्यापूर्वीच त्याची पायरी त्याच्या नावात कोरून ठेवावयाची! त्या ग्रंथाचे २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली दहन झाले. ज्याने तो दंडक जाळला, त्याच्या अनुयायांनी मुलाचे नाव निष्काळजीपणे ठेवावे काय?

आता ‘पूर्ण’ कोण होता ते ऐका. तो परका नव्हे, आपल्याच जिल्ह्यातील होता. आजचे नालासोपारे म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. तेथील एका व्यापाऱ्याच्या घरी दासीच्या पोटी पूर्ण जन्मला, असे ‘दिव्यावदान’ या ग्रंथातील कथेत आहे. व्यापारी आजारी पडला, तेव्हा पत्नीने व पुत्रांनी त्याची उपेक्षा केली. दासीने सेवा करून त्याला वाचविले. पुढे तिला जो पुत्र झाला, त्याच्या जन्माबरोबर घराचे सर्व मनोरथ सफल झाले म्हणून त्याचे नाव पूर्ण. दासीपुत्राला निंदावाचक नव्हे, तर परिपूर्णतेचे नाव मिळाले, हे ध्यानात घ्या.

पुढे तो भिक्खू झाला. पाली ग्रंथांत त्याला ‘पुण्ण’ म्हटले आहे. तो सुनापरान्त देशी धम्मप्रचारास निघाला, तेव्हा भगवान बुद्धांनी विचारले की, तेथील लोक कठोर आहेत. त्यांनी शिव्या दिल्या तर काय करशील? पुण्ण म्हणाला, त्यांनी हात उगारला नाही, हा त्यांचा चांगुलपणा, असे मी समजेन. हात उगारला तर? दगड मारले नाहीत, हा चांगुलपणा. अशा रीतीने एकेका प्रश्नाला तो निर्भयपणे उत्तर देत गेला. आजीबाई, ज्या नावाला मुले हसतील अशी आपणांस भीती वाटते, ते नावच हसणाऱ्यांना कसे तोंड द्यावे हे शिकविणाऱ्या माणसाचे आहे!

सोपारे येथील स्तूपाचे उत्खनन १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी केले. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा तेथे त्याच साली मिळाला, आणि नवव्याचा १९५६ साली, म्हणजे नागपूरच्या दीक्षेच्याच वर्षी. या डहाणूचे नावही काल-परवाचे नाही. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या शिलालेखात, ज्या नद्यांवर लोकांसाठी फुकट तरी ठेवल्या त्यांत ‘दाहनुका’ नदीचा उल्लेख आहे. त्याच लेण्यात त्याची पत्नी दक्षमित्रा हिने दिलेल्या खोलीचा लेख आहे. दक्षमित्रा! आपल्या किती मुलींचे हे नाव आहे?

नाव दुर्मिळ आहे, हा दोष नव्हे. बाबासाहेबांनी आपल्या घराला राजगृह म्हटले, १९४६ साली मुंबईत काढलेल्या महाविद्यालयाला सिद्धार्थ म्हटले आणि औरंगाबादच्या महाविद्यालयाला मिलिंद. त्या काळी आपल्या वस्त्यांत मिलिंद नावाची किती मुले होती? आज प्रत्येक वस्तीत एक तरी मिलिंद सापडतो. कोणीतरी पहिल्याने धैर्य केले, म्हणून ते नाव रुळले.

मात्र दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. पहिली अशी की, डहाणू-तलासरीत आपली घरे थोडी आणि वारली बांधवांची वस्ती मोठी. त्यांच्या जुन्या पिढीत सोमा, बुध्या अशी जन्मवारावरून ठेवलेली नावे आहेत. ती त्यांची आहेत. आपल्या मुलाला तेजस्वी नाव देताना शेजाऱ्याच्या नावाला हिणवाल, तर जो दंडक आपण जाळला तोच पुन्हा लिहाल.

दुसरी गोष्ट भीतीची. बौद्ध नावावरून जात ओळखली जाते, शहरात खोली मिळत नाही, म्हणून ओळख न देणारे नाव ठेवावे, असे काही आईबाप म्हणतात. तसे करण्याचा त्यांना अधिकार आहे. मी त्यांना भित्रे म्हणणार नाही. परंतु लपविण्यासाठी ठेवलेले नाव मुलाला एक दिवस प्रश्न विचारते, त्याचे उत्तर तयार ठेवा. बौद्ध झाल्याने सवलती जातील, ही भीती मात्र निराधार आहे. अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींचे संरक्षण मिळाले आहे.

आता व्यवहाराचे. जन्माची नोंद २१ दिवसांत करावी. त्या वेळी नाव ठरले नसेल, तर बारा महिन्यांच्या आत ते विनाशुल्क नोंदविता येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मदाखलाच प्रमाण आहे. आपण सरहद्दीवरचे लोक; आपली नावे मराठी, गुजराती आणि इंग्रजी अशा तीन लिप्यांत लिहिली जातात. तेव्हा ‘पूर्ण’ लिहावयाचे की ‘पुण्ण’, हे आजच ठरवा आणि सर्व कागदांवर एकच ठेवा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत, महाराष्ट्रात, मुलाच्या नावापुढे प्रथम आईचे नाव येते. दासीमातेच्या त्या पुत्राचे नाव घेणाऱ्या बालकाला हे किती शोभून दिसेल!

आजीबाई, शेवटची विनंती आपणांस. आईबापांनी नाव निवडले. ते बाळाच्या कानी आपण सांगावे, आणि तो मोठा झाल्यावर सोपाऱ्याच्या पूर्णाची गोष्टही आपणच सांगावी. ज्या मुलाला आपल्या नावाचा अर्थ ठाऊक आहे, त्याला कोणी ‘अर्धा’ म्हटले तरी तो अर्धा होत नाही.

जय भीम!