नारू गेला, गॅस्ट्रो का जात नाही?
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आपल्या बैठकीत भाव, वीज, कर्ज यांवर बोलणे होते. आज मी घागरीवर बोलणार आहे. तोही हिशेबाचाच प्रश्न आहे. मृगाचा पाऊस पडतो, वाफसा येतो आणि घरातला कर्ता माणूस जुलाब-उलट्यांनी तालुक्याला सलाईन लावून पडलेला असतो. पेरणी हुकते, औषधपाण्यासाठी कर्ज होते. ते कर्ज कोणत्याच सातबाऱ्यावर दिसत नाही.

इथल्या म्हाताऱ्या माणसांना नारू आठवत असेल. पायातून हातभर लांब दोरा निघायचा, काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. तोच पाय पायऱ्यांच्या विहिरीत बुडाला की नारूची पिल्ले पाण्यात उतरत. पाण्यातले बारीक किडे ती गिळत आणि ते किडे आपल्या पोटात जात. या रोगावर ना औषध होते, ना लस. तरी १९८३-८४ मध्ये देशभर मोहीम सुरू झाली, शेवटचा रोगी १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त ठरवला. कशाने? पाणी फडक्याने गाळले, पायऱ्या बंद केल्या, विहिरींना कठडे बांधले, हातपंप बसवले.

मग गॅस्ट्रो, कावीळ, विषमज्वर का जात नाहीत? कारण यांचे जंतू फडक्यातून आरपार जातात आणि त्यांची वाट रोज नव्याने उघडते. पहिल्या पावसात गावची घाण विहिरीत उतरते. नळाचा व्हॉल्व्ह गटारात असतो. पाणी बंद झाले की रिकामा पाईप फुटक्या जागेतून गटाराचे पाणी आत ओढतो. म्हणून इथे रोजचा पहारा लागतो.

एका गावात साथ आली म्हणून मी गेलो. पंचायतीच्या रजिस्टरात रोज टीसीएल टाकल्याची नोंद होती. कोपऱ्यातले पोते मात्र ओल लागून दगड झाले होते. मलाही लाज वाटली. पंधरा लिटरच्या पंपाला औषध किती, हे मी शेकडो शेतकऱ्यांना शिकवले. विहिरीचे माप एकालाही शिकवले नव्हते.

ते आज घ्या. विहिरीचा व्यास तीन मीटर आणि पाणी चार मीटर असेल, तर साधारण २८ हजार लिटर पाणी झाले. ३३ टक्के क्लोरीनची ताजी पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम लागते, म्हणजे एकूण ७० ग्रॅम. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळी विहिरीत सोडून पाणी ढवळा आणि तासभर थांबा. मग ओटीचे थेंब टाकून पाहा. पाणी पिवळे झाले तरच क्लोरीन आहे. पोते उघडे किंवा ओलीत राहिले तर पावडरीचा जोर जातो. मग अंदाजपंचे कितीही टाका, उपयोग नाही.

मागणी एवढीच आहे. येत्या ग्रामसभेत रजिस्टर मागू नका, शेवटच्या घराच्या नळाचे पाणी मागवा आणि सगळ्यांसमोर तपासा. मायबहिणींनी हे काम हातात घ्यावे, कारण घागर त्यांच्याच डोक्यावर असते. मापात पाप झाले तर अडत्याला आपण जाब विचारतो. पाण्याच्या मापाचाही विचारू.