पुराची वही



 विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ इथे सांगलीतच रंगभूमीवर आणले. इथली हळद देशभर जाते. आणि कृष्णामाई अधूनमधून आमची परीक्षा घेते. आज त्या परीक्षेबद्दलच बोलतो, कारण महाविद्यालयाचे ग्रंथालय स्वतः कसे शिकते, हाच आपल्या ग्रंथपाल परिषदेचा विषय आहे.

२००५ च्या पुरात आमच्या ग्रंथालयाचे खालचे कप्पे बुडाले. पावसाने उघडीप देताच आम्ही पुस्तके गच्चीवर उन्हात पसरली. पाने आक्रसली, पुठ्ठे वाकले, गुळगुळीत कागदाच्या पुस्तकांच्या तर विटा झाल्या. आमच्या शिपाईमामांनी तेव्हाच धडा घेतला : ओले पुस्तक सावलीत, पंख्याखाली, पानांत टीपकागद घालून वाळवायचे. पुढे मामा निवृत्त झाले. २०१९ ला पाणी २००५ च्याही वर चढले आणि आम्ही पुस्तके पुन्हा गच्चीवरच नेली! मामा शिकले होते, ग्रंथालय शिकले नव्हते.

मग मामांना घरून बोलावले. ते सांगत गेले, आम्ही लिहीत गेलो. ती दोनशे पानी वही आजही देवघेवीच्या टेबलाच्या खणात आहे. आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर गेले की कोणती कपाटे रिकामी करायची, किल्ल्या कोणाकडे, दाखल नोंदवही आधी कोणी उचलायची, सगळे तीत आहे. २०२१ ला पुन्हा पाणी आले, तेव्हा नव्या मुलांनी वही उघडली आणि पुस्तके वेळेत माडीवर गेली.

ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे, हा ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचा १९३१ चा पाचवा सिद्धांत आपण नवी कपाटे मागताना हटकून सांगतो. पण वाढ शहाणपणाचीही हवी ना? ‘कोहा’ ही ग्रंथालयाची संगणकप्रणाली बसवताना किती नोंदी दोनदा चढल्या, बारकोड कुठे चुकले, हे आपण कुठे लिहून ठेवतो? महाविद्यालयाचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या समितीपुढे यशाचे फोटो असतात, चुकांची फाईल नसते.

म्हणून एक विनंती. निबंध वाचाच, पण चहाबरोबर भडंग खाताना शेजारच्याला आपली एखादी फसलेली गोष्टही सांगा. प्रत्येकाच्या पिशवीत एक कोरी वही ठेवली आहे. ऐकलेले तीत टिपा, आणि परतल्यावर ती वही घरी नेऊ नका, ग्रंथालयाच्या टेबलावर ठेवा.