माणसं वाचायची लायब्ररी

डेन्मार्कच्या रॉस्किल्ड संगीत महोत्सवात २००० साली एक लायब्ररी उघडली. तिथली पुस्तकं होती चालतीबोलती माणसं! हिंसाचाराविरुद्ध काम करणाऱ्या रोनी अबेर्गेल आणि त्यांच्या तरुण साथीदारांचा हा उपक्रम. चार दिवसांत हजाराहून अधिक वाचक आले.

ही ‘ह्यूमन लायब्ररी’ पुढे कितीतरी देशांत पोचली, मुंबईतही भरली. तिच्यात ‘पुस्तक’ होतात ते स्वयंसेवक. कुणी निर्वासित, कुणी अंध, कुणी तृतीयपंथी, कुणी मानसिक आजारातून सावरलेलं. वाचक, कधी शाळेतली मुलंही, समोर बसतात आणि साधारण अर्धा तास मनातलं विचारतात. दिसत नसताना स्वप्नं कशी पडतात? घर सोडताना सोबत काय घेतलं? एरवी ‘असं विचारू नये’ म्हणत आपण मुलांना गप्प करतो, आणि कुतूहलाच्या जागी ऐकीव समज घर करतात. नको त्या प्रश्नाचं उत्तर नाकारायची मुभा स्वयंसेवकाला असतेच.

नुसती गाठभेट मात्र पुरत नाही. माणसं बरोबरीच्या नात्यानं भेटली तर पूर्वग्रह ओसरण्याची शक्यता वाढते, असं मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली मांडलं होतं. इथेही नातं बरोबरीचंच: व्यासपीठ नाही, भाषण नाही. समोरासमोर दोन खुर्च्या पुरतात.